शिराझची अडकलेली टाकी: दिंडोरी तालुक्यातील एका वायनरीचे प्रकरण

पार्श्वभूमी

वायनरी छोटी, दिंडोरी तालुक्यातली. स्वतःची बाग थोडी, बाकी माल करारावरच्या शेतकऱ्यांचा. हे प्रकरण अशाच एका शेतकऱ्याच्या तीन एकर शिराझचे, म्हणजे रेड वाइनच्या द्राक्षाचे, आहे; त्यातल्या निम्म्या मालाची टाकी अडकली, म्हणजे साखर संपायच्या आधीच तिचे आंबणे थांबले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाग ११० आर खुंटावरची, ८ बाय ४ फुटांवर लावलेली, म्हणजे एकरी सुमारे १,३६० वेली. वळण वाय पद्धतीचे. शेजारीच याच शेतकऱ्याची थॉमसन सीडलेसची बाग आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवलेली बरी. खायच्या द्राक्षात ज्याचा हात बसलेला असतो, तो वाइनच्या द्राक्षालाही नकळत त्याच वेळापत्रकात बसवतो. मणी फुगवण्यासाठी जी.ए. (जिबरेलिक आम्ल) द्यायचे नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. खताचे मात्र तसे नसते.

एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठीची) झाली, गोडी छाटणी (फळासाठीची) २५ सप्टेंबरला. नाशिक भागात शिराझ छाटणीपासून साधारण १४० ते १५० दिवसांत तयार होते. त्या हिशेबाने माल १५ ते २० फेब्रुवारीच्या आसपास काढणीला येणार होता, आणि तसाच आला. १८ फेब्रुवारीच्या नमुन्यात २३.४ ब्रिक्स (रसातली साखर, साधारण टक्क्यांत), पीएच ३.५५ आणि आम्लता लिटरला ६.२ ग्रॅम. नाशिकच्या शिराझसाठी हे आकडे चांगले म्हणावे असेच.

वाइनमेकरने मात्र मणी चावून पाहिले, तेव्हा बियांच्या कडा अजून हिरवट होत्या. त्या वर्षी वायनरीला नेहमीच्या शिराझबरोबर एक भारदस्त ‘रिझर्व्ह’ही काढायची होती. म्हणून अर्धी बाग २० फेब्रुवारीला काढायची आणि उरलेली दीड एकर आणखी दहा दिवस वेलीवर ठेवायची, असे ठरले. पहिल्या तोडणीत ६.१ टन माल आला. तो विनातक्रार आंबला आणि त्यातून सुमारे ४,००० लिटर वाइन निघाली: अल्कोहोल १३.५ टक्के, पीएच ३.५८, साखर पूर्ण संपलेली. एकाच बागेतला, एकाच छाटणीचा माल असल्यामुळे पुढच्या सगळ्या घोळात ही टाकी तुलनेला हाताशी राहिली.

दहा दिवसांचे पंधरा कसे झाले

पहिली दहा दिवसांची वाट हेतुपुरस्सर होती. नंतरची नव्हती. मार्चच्या सुरुवातीला दिंडोरीत निर्यातीच्या द्राक्षांची काढणी जोरात असते, आणि पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्या आधीच बांधलेल्या असतात. वाइनच्या दीड एकरासाठी टोळी मोकळी व्हायला ६ मार्च उजाडला. पाणी १२ दिवसांपासून पूर्ण तोडलेले होते. कमाल तापमान ३१-३२ अंशांवरून ३५ वर गेले होते आणि मणी सुरकुतायला लागले होते. “साहेब, वजन उतरतंय. ते कोण भरून देणार?” असे शेतकऱ्याने दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा उत्तर पुढे ढकलले गेले. करार किलोच्या दराचा होता. किमान ब्रिक्सची अट त्यात होती, कमाल ब्रिक्सबद्दल एक अक्षर नव्हते.

या जातीचे मूळ घर फ्रान्समधले उत्तर ऱ्होन खोरे. डीएनए तपासणीत तिचे आईबाप मोंद्यूज ब्लांश आणि द्युरेझा या आग्नेय फ्रान्समधल्या जाती निघाल्या. इराणमधल्या शिराझ शहराशी तिचा संबंध नावापुरताच. ऱ्होनमध्ये काढणी सप्टेंबरात होते. दिवस लहान होत जातात, रात्री गार पडतात. तिथला शेतकरी दहा दिवस थांबतो तेव्हा हवा त्याच्या बाजूने झुकत असते: साखर हळू चढते, आम्ल टिकते, बिया पिकायला वेळ मिळतो. नाशिकच्या पठारावर घड पिकतात ते उन्हाळ्याकडे तोंड करून. इथे थांबलेला प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा गरम असण्याचीच शक्यता जास्त. मण्यातले मॅलिक आम्ल उष्णतेत श्वसनात जळते, पाणी उडून साखर आटते, आणि बिया मात्र त्याच वेगाने पिकतीलच असे नाही. युरोपातल्या पुस्तकातला ‘थांबा’ हा सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही, तो याचसाठी.

अडचण

६ मार्चला तोडणी पहाटे पाचला सुरू व्हायची होती. टोळी सातला पोचली आणि काम दुपारी बारापर्यंत चालले. ६.४ टन माल २० किलोच्या क्रेटमधून आला तेव्हा मण्यांचे तापमान २९ अंश होते. देठ काढून मस्ट, म्हणजे चिरडलेले मणी आणि रस, टाकीत गेले. पहिली नोंद अशी: २५.६ ब्रिक्स, पीएच ३.९२, आम्लता ४.६. लिटरला १ ग्रॅम टार्टारिक घातल्यावर पीएच ३.८३ वर आला. ३६ तास १४ अंशांवर भिजवण ठेवली आणि ८ मार्चला सकाळी पुन्हा मोजले. वहीत आकडा होता २७.४.

हे रिफ्रॅक्टोमीटर (साखर मोजायचे उपकरण) बिघडल्याचे लक्षण नव्हते. सुरकुतलेल्या मण्यातली साखर चिरडताना लगेच रसात उतरत नाही. एक-दोन दिवस भिजल्यावर ती विरघळते आणि आकडा दीड-दोन ब्रिक्सने चढतो. बागेतला नमुना घेतानाही हात आपोआप टपोऱ्या मण्यांकडे जातो, सुकलेले मागे राहतात. म्हणजे बागेत खरी साखर आधीच कमी मोजली गेली होती. २७.४ ब्रिक्स म्हणजे १६ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. आणि टाकीत घालायला आणलेल्या यीस्टच्या पुड्यावर सहनशीलता लिहिली होती १४ टक्के.

इथे थांबून विचार व्हायला हवा होता. झाला नाही. पहिल्या टाकीत तेच यीस्ट छान चालले होते, गोदामात तेच होते, म्हणून हेक्टोलिटरला (१०० लिटरला) २० ग्रॅम दराने तेच घातले. सोबत नेहमीप्रमाणे हेक्टोलिटरला २० ग्रॅम डीएपी, म्हणजे यीस्टसाठी नायट्रोजन, सगळे पहिल्याच दिवशी.

पुढचा आठवडा वहीत असा दिसतो. ११ मार्चला सकाळी १६ ब्रिक्स, टाकीच्या तापमापकावर २९ अंश. त्याच रात्री सहा तास वीज नव्हती. जनरेटर पंप आणि दिव्यांपुरताच, चिलर त्यावर चालत नाही. पहाटे कामगाराने वर तरंगणाऱ्या सालींच्या चोथ्यात हातातला तापमापक खुपसला तर ३५. टाकीचा तापमापक खालच्या भागात बसवलेला होता आणि ३१ दाखवत होता. रेडच्या टाकीत चोथ्याचा थर खालच्या रसापेक्षा चार-पाच अंशांनी सहज गरम असतो, आणि रात्रीची पंप-ओव्हर (खालचा रस पंपाने चोथ्यावर सोडणे) चुकली की तो फरक वाढतो. यीस्टची बहुतांश गर्दी त्या थरातच असते. १४ मार्चला ५ ब्रिक्स, १६ ला १.५, १७ ला ०.८. त्या दिवशी चोथा दाबून वाइन वेगळी केली, ४,२०० लिटर. १८, १९ आणि २० मार्चला एकच आकडा: ०.४.

१८ तारखेच्या रकान्यात कुणीतरी ‘संपले’ असे लिहून ठेवले होते. हायड्रोमीटर (घनतामापक) शून्याजवळ आला की साखर संपली, हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे १५ टक्के अल्कोहोलची खरोखर कोरडी वाइन हायड्रोमीटरवर शून्याच्या खाली, उणे दीड ते उणे दोनच्या आसपास दिसायला हवी. त्यातून उपकरण २० अंशांवर जुळवलेले आणि वाइन गरम, म्हणजे खरा आकडा दिसतो त्याहून थोडा वरच. रिफ्रॅक्टोमीटर तर अल्कोहोल आल्यानंतर खिशातच ठेवावा.

प्रयोगशाळेचा अहवाल २० तारखेला संध्याकाळी आला: उरलेली साखर लिटरला १९ ग्रॅम, त्यातले १६ फ्रुक्टोज, अल्कोहोल १५.१ टक्के, पीएच ३.९५; व्होलाटाइल अ‍ॅसिडिटी, म्हणजे व्हीए (मुख्यतः व्हिनेगरचे आम्ल), ०.५५, मॅलिक ०.२.

कारणांची उतरंड

यीस्ट आधी ग्लुकोज खाते, फ्रुक्टोज शेवटी. शेवटी म्हणजे अल्कोहोल सर्वांत जास्त आणि यीस्ट सर्वांत थकलेले असते तेव्हा. म्हणून अडकलेल्या वाइनमधली साखर बहुधा फ्रुक्टोजच असते, आणि जिभेला ती आकड्यापेक्षा जास्त गोड लागते.

दुसरी गोष्ट नायट्रोजन. फ्रीजरमध्ये ठेवलेला मस्टचा नमुना नंतर तपासला तेव्हा यीस्टला वापरता येणारा नायट्रोजन लिटरला १०५ मिलिग्रॅम निघाला. २७ ब्रिक्सच्या रसाला साधारण ३०० लागतो. डीएपीमध्ये नायट्रोजन २१ टक्के, म्हणजे घातलेल्या २०० मिलिग्रॅममधून ४२ मिळाला. एकूण १४७, गरजेच्या निम्मा. तोही सगळा पहिल्या दिवशी दिला गेला, त्यामुळे यीस्ट एकदम वाढले, टाकी एकदम तापली आणि नंतर सगळेच उपाशी राहिले. एक तृतीयांश साखर संपल्यावर दुसरा हप्ता द्यायचा असतो तो एवढ्यासाठीच. अल्कोहोल ९-१० टक्क्यांच्या पुढे गेले की यीस्टला अमोनियम नीट आत घेता येत नाही.

मॅलिक ०.२ हा आकडा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. यीस्ट मंदावले होते, पीएच ३.९ च्या घरात होता, वाइन कोमट होती: लॅक्टिक बॅक्टेरियांना याहून चांगले घर कुठे मिळणार? त्यांनी मॅलिक संपवले. मॅलिक संपल्यावर समोर १९ ग्रॅम साखर दिसत होती, आणि साखर खाल्ली की यातले काही बॅक्टेरिया अ‍ॅसिटिक आम्ल सोडतात. म्हणजे घड्याळ सुरू झालेले होते.

पीएच एवढा का? याचे उत्तर शेजारच्या थॉमसनच्या बागेत सापडले. मण्यात पाणी उतरल्यावर गोडी भरायला ठिबकमधून ०-०-५० हे पोटॅशचे खत सोडायची तिथली पद्धत. दोन्ही बागांचा व्हेंच्युरी (ठिबकच्या पाण्यात खत सोडणारे उपकरण) एकच, म्हणून शिराझलाही तेवढेच हप्ते गेले. रसात पोटॅशियम जास्त झाले की ते टार्टारिक आम्लाला बांधून पोटॅशियम बायटार्टरेटच्या खड्यांच्या रूपात खाली बसवते आणि पीएच वर चढतो. लिटरला एक ग्रॅम टार्टारिक घालूनही पीएच शेवटी परत ३.९५ वर का गेला, तेही यातूनच उलगडते. खायच्या द्राक्षात कमी आम्ल म्हणजे गुण. इथे तोच अवगुण.

पर्याय

२० मार्चच्या रात्रीपर्यंत पाच पर्याय चर्चेत आले.

वाट पाहणे आणि टाकी २२-२४ अंशांवर ठेवणे. तीन दिवस आकडा हललेला नाही आणि मॅलिक संपलेले आहे, अशा वाइनमध्ये वाट पाहणे म्हणजे बॅक्टेरियांना मुदत देणे.

गोडसर रेड म्हणून बाटलीत भरणे. १९ ग्रॅम साखर आणि ३.९५ पीएच असलेली वाइन ०.४५ मायक्रॉनच्या निर्जंतुक गाळणीशिवाय बाटलीत टिकणार नाही, आणि ती गाळणी या वायनरीत नव्हती. असती तरी सल्फरचे गणित जमत नाही. जंतूंना रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा रेणूरूप भाग लिटरला ०.५ मिलिग्रॅम हवा असेल, तर ३.५८ पीएचला मुक्त सल्फर ३० मिलिग्रॅम पुरतो; ३.९५ ला तोच आकडा सत्तरच्या आसपास जातो.

स्पिरिट घालून फोर्टिफाइड करणे. परवाना नाही, विषय दोन मिनिटांत संपला.

पहिल्या, कोरड्या शिराझमध्ये मिसळणे. हा सर्वांत मोहात पाडणारा पर्याय होता. निम्मी-निम्मी केली तर साखर साडेनऊ ग्रॅमवर, पीएचही आवाक्यात. पण त्यात ४,००० लिटर निरोगी वाइन बॅक्टेरिया आणि साखर दोन्हींच्या स्वाधीन होते. एका टाकीचे दुखणे दोन टाक्यांना लागते. मिसळण आधी नव्हे, साखर संपल्यानंतर, या मतावर वाइनमेकर ठाम राहिला. सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय.

उरला पाचवा: पुन्हा यीस्ट लावणे. हे दोन प्रकारे होते, आणि दुर्दैवाने आधी चुकीचा प्रकार झाला.

केलेली कार्यवाही

त्याच रात्री एक किलो नवे यीस्ट कोमट पाण्यात भिजवून थेट टाकीत ओतले गेले आणि वर एक किलो डीएपी. पाण्यातून निघालेले यीस्ट सरळ १५ टक्के अल्कोहोलमध्ये पडले. बहुतेक पेशी तासाभरात निकामी होतात. डीएपी यीस्टने घेतलेच नाही. ते उरले, आणि उरलेला नायट्रोजन पुढे ब्रेटॅनोमायसिससारख्या, वाइन बिघडवणाऱ्या नको त्या पाहुण्यांचे खाद्य होतो. २३ मार्चला साखर तीच, १९. व्हीए मात्र ०.७२.

यानंतर बाहेरचे सल्लागार बोलावले. त्यांनी टाकीत काहीही ओतायच्या आधी वाइन स्वच्छ करायला सांगितले. क्रम असा राहिला.

२३ तारखेला गाळ खाली ठेवून वाइन दुसऱ्या टाकीत घेतली. मग लिटरला १ ग्रॅम दराने ४.२ किलो टार्टारिक, पीएच ३.८६. त्यानंतरच सल्फर, लिटरला ३० मिलिग्रॅम: केएमएसमध्ये (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) सल्फर डायऑक्साइड सुमारे ५७ टक्के असतो, म्हणून ४,२०० लिटरला २२० ग्रॅम केएमएस. आम्ल आधी, सल्फर नंतर, हा क्रम उलटा केला तर तेवढाच सल्फर कमी कामाला येतो. बॅक्टेरियांवर लायसोझाइम घालण्याचाही विचार झाला होता, पण ते रेडचा रंग काही प्रमाणात ओढून घेते, म्हणून टाळले.

शेवटी हेक्टोलिटरला ३० ग्रॅम यीस्टची टरफले, म्हणजे पेशींची रिकामी आवरणे, एकूण १.२५ किलो. मरायला टेकलेले यीस्ट काही मध्यम साखळीची मेदाम्ले सोडते आणि ती नव्या यीस्टलाही विषासारखी बाधतात; टरफले ती शोषून घेतात. २४ तासांनी टरफलांवरून वाइन पुन्हा काढून घेतली आणि २२ अंशांवर आणली.

२४ मार्चला संध्याकाळी विरजण लावायला घेतले. यीस्ट ईसी-१११८, सहनशीलता १८ टक्के, हेक्टोलिटरला ४० ग्रॅम दराने १.७ किलो. फ्रुक्टोज चांगले खाणारे युवाफर्म ४३ अशा कामाला अधिक योग्य, पण हाताशी ईसी-१११८ होते. १७ लिटर पाणी ४३ अंशांवर, त्यात यीस्ट भिजवण्यासाठीचे पोषक २ किलो. पाणी ४० वर आल्यावर यीस्ट. वीस मिनिटे न ढवळता.

दुसऱ्या भांड्यात १०५ लिटर अडकलेली वाइन, ५३ लिटर पाणी आणि ३५ लिटर शेनिन ब्लां या पांढऱ्या द्राक्षाचा २४ ब्रिक्सचा रस. उशिराच्या शेनिनची एक टाकी नुकतीच गार करून ठेवली होती म्हणून हे जमले. नाहीतर साखर वापरावी लागली असती. भिजवलेले यीस्ट धरून हे २१० लिटर झाले, साखर साधारण ५ टक्के, अल्कोहोल साडेसात. यीस्ट यात घालताना दोन्हींच्या तापमानातला फरक १० अंशांपेक्षा कमी राहील याची काळजी घेतली. भांड्यातले मिश्रण थोडे-थोडे यीस्टमध्ये घालत त्याचे तापमान हळूहळू खाली आणले. सगळ्यात जास्त घाई इथेच होते आणि सगळ्यात जास्त यीस्ट इथेच मरते.

दुसऱ्या दिवशी साखर निम्म्यावर आल्यावर २१० लिटर वाइन घातली. ४२० लिटर झाले, अल्कोहोल पावणेबाराच्या आसपास. पुन्हा १८ तास, मग ४२० लिटर, अल्कोहोल साडेतेरा. प्रत्येक वेळी खूण एकच: फेस आणि उकळी दिसतेय तोवरच पुढची भर. साखर शून्यावर जाऊ दिली तर यीस्ट झोपते आणि परत उठत नाही. पोषक म्हणून फक्त निष्क्रिय यीस्टचे सेंद्रिय पोषक दिले, डीएपी नाही. २८ मार्चला दुपारी हे ८४० लिटर मोठ्या टाकीतल्या उरलेल्या वाइनमध्ये गेले. तळाशी नळी सोडून, हवेशी फारसा संबंध न येऊ देता.

पहिले तीन दिवस काहीच दिसले नाही. ३१ तारखेला हायड्रोमीटर ०.४ वरून ०.२ वर आला आणि वायनरीत चहा सांगितला गेला. ७ एप्रिलला साखर ९ ग्रॅम, १४ एप्रिलला १.८. तिथे थांबवून वाइन गार केली आणि सल्फर दिला.

परिणाम

अंतिम आकडे: अल्कोहोल १५.९, पीएच ३.८८, व्हीए ०.७८, साखर १.८. वाइन वाचली, पण रिझर्व्ह झाली नाही. वास खजूर आणि मनुकांचा, शिराझची मिरी कुठेच नाही, घशात जळजळ, आणि शेवटी व्हीएची बारीक टोचणी. बिया पिकण्यासाठी थांबलो होतो, त्यांचा टॅनिन थोडा मऊ झाला होता हे खरे. त्यासाठी मोजलेली किंमत मात्र फार.

मिसळणीच्या चाचण्या ५० मिलिच्या पेल्यांत घेतल्या. ८०:२० मध्ये दुसरी टाकी कळत नव्हती, ७०:३० मध्ये फार कळत होती. ७५:२५ ठरले: अल्कोहोल १४.१, पीएच ३.६५. पहिल्या टाकीला थोडे अंग आले, आणि ती मिसळण आधीच्या शिराझपेक्षा चांगली लागते असे चाखणाऱ्यांचे मत पडले. यात सुमारे १,३३० लिटर खपले. ९०० लिटर चार जुन्या बॅरलमध्ये गेले. बाकीची वाइन टाकीतूनच, गोडसर रेड बनवणाऱ्या खरेदीदाराला निम्म्याहून कमी दरात.

शेतकऱ्याला घटलेल्या वजनाची भरपाई मिळाली, पण ती मे महिन्यात, दोन फेऱ्या मारल्यावर.

निर्णयाचे टप्पे पुन्हा पाहताना

टाकी १८ मार्चला अडकली असे वहीत दिसते. ज्या दिवशी ती टाळता आली असती असे दिवस मात्र आधीचेच आहेत, आणि जितके मागे जावे तितका उपाय स्वस्त होत जातो.

८ मार्चला २७.४ हा आकडा दिसला, तेव्हा १६-१८ टक्क्यांचे यीस्ट मागवायला एक दिवस लागला असता. मस्ट १४ अंशांवर होते. एक दिवस आणखी ठेवता आले असते. नायट्रोजनची फॉर्मॉल चाचणी वायनरीतच अर्ध्या तासात होते. ब्युरेट आणि पीएच मीटर दोन्ही होते, फक्त हंगामात कुणी करत नव्हते. मस्टमध्ये पाणी घालून साखर उतरवण्याची वाट कॅलिफोर्नियात काही मर्यादेत मोकळी आहे, युरोपीय संघात बंद. इथे परवान्याच्या अटी न तपासता तिचा विचार करणे योग्य नव्हते, आणि तो केला नाही हे बरे झाले.

त्याही आधी, १ मार्चच्या सुमारास टोळी मिळणार नाही हे कळले होते. त्या दिवशी ठिबकमधून एक हलके पाणी दिले असते तर मणी एवढे सुकले नसते. ‘काढणीआधी पाणी तोडा’ हा नियम काढणीची तारीख पक्की असते तेव्हाचा. तारीख सरकली की नियमही सरकायला हवा. हा टप्पा कुणाच्याच लक्षात आला नव्हता. सल्लागाराने ठिबकची वही मागितली तेव्हा कळले.

बियांच्या हिरवटपणाबद्दल मात्र मतभेद राहिले, आणि ते रास्त आहेत. वाइनमेकरचे म्हणणे, २३.४ ब्रिक्सला काढलेली शिराझ नाशिकमध्ये नेहमीच हलकी राहते. सल्लागाराचे म्हणणे, मग थांबायचे ते फेब्रुवारीत. म्हणजे छाटणी दहा-बारा दिवस आधी, जेणेकरून थांबण्याचे दिवस गार रात्रींत पडतील. याला शेतकऱ्याचा आक्षेप असा की १५ सप्टेंबरच्या आत-बाहेर छाटले तर फुटी आणि फुलोरा परतीच्या पावसात सापडतो, आणि डाउनी (केवडा रोग) आला की ब्रिक्सची चर्चा करायला घडच उरत नाहीत. तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पुढच्या हंगामात तडजोड झाली. एक एकर १६ सप्टेंबरला छाटली, दोन एकर २४ ला. ०-०-५० शिराझसाठी बंद. व्हेंच्युरी वेगळा केला, आणि आता पानदेठ तपासून मगच पोटॅश ठरते. करारात कमाल २५ ब्रिक्सची ओळ आली: वायनरीच्या सांगण्यावरून त्यापुढे थांबवले तर घटलेले वजन वायनरीचे. जनरेटर बदलायला पैसे नव्हते, म्हणून चोथ्यात उतरणारा लांब दांड्याचा तापमापक घेतला आणि वीज गेली तर हाताने चोथा दाबायची पाळी लावली. लवकर छाटलेल्या एकरावर ऑक्टोबरात डाउनी आलाच आणि दोन फवारण्या वाढल्या. त्या एकरातला माल १० फेब्रुवारीला २४.२ ब्रिक्स आणि ३.५१ पीएचवर निघाला, आणि टाकी अकरा दिवसांत उणे १.६ वर कोरडी झाली. बियांच्या कडा किंचित हिरवट होत्या.

चार बॅरलपैकी दोन अजून तळघरात आहेत. मिरीचा वास त्यांत आलेला नाही.